माझी चूक मला परत दे, अंगद

अंगद, तू जाताना माझी एक चूक बरोबर घेऊन निघाला होतास. वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं. नाहीतर ती कायमची तुझ्याच नावावर राहिली असती, आणि तू काही ती परत द्यायला येणार नव्हतास.

तुला ठाऊक आहे, स्वतःच्या चुकांच्या बाबतीत मी हावरा माणूस आहे. एकही सोडत नाही. आम्हाला काम द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला नोकरीचा उमेदवार समजून मी अर्धा तास त्याची मुलाखत घेतली आणि ‘कळवतो’ म्हणून परत पाठवलं, हे मी लग्नांत, बारशांत, एकदा तर दवाखान्याच्या रांगेतसुद्धा सांगितलंय. लोक हसतात, मलाही बरं वाटतं. आपल्या चुका आपणच सांगितल्या की दुसऱ्यांना सांगायला काही उरत नाही, ही त्यातली खरी लबाडी. पण एक चूक मी कधीच सांगितली नाही. ती तू सांगायचास. माझी चूक, तुझ्या तोंडून, तुझी म्हणून. आणि मी समोर बसून सगळ्यांच्या बरोबरीनं हसायचो.

तू गेलास त्याला बारा दिवस झाले. पहिले चार दिवस मी रडलो, ते इथं लिहीत नाही. तुला आवडलं नसतं. ‘देवा, मुद्द्यावर ये,’ असं माझं नाव घेऊन म्हणाला असतास.

मुद्दा पुंडलिकनगरातल्या त्या पहिल्या मजल्यापासून सुरू होतो. खाली पिठाची गिरणी, वर आपलं सॉफ्टवेअरचं ऑफिस. गिरणी सुरू झाली की टेबलावरचे पेन आपोआप चालायला लागायचे. शहर चहूबाजूंनी वाढत होतं, रोज नवी कॉलनी उठत होती, आणि नळ मात्र होते तिथंच, आठ-आठ दिवस कोरडे. त्या कोरड्या नळाखाली बादली ठेवून मी एक भाषा तयार केली. प्रोग्रॅम लिहायच्या आधी, त्यानं नेमकं काय करायचं हे जिच्यात मांडायचं अशी भाषा. संदिग्धतेला जागाच नको, असा माझा बाणा. नाव ठेवलं ‘यथार्थ’.

आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. यथार्थमध्ये ‘पाहिजे’ चार प्रकारचं होतं: असलंच पाहिजे, असायला पाहिजे, असलेलं बरं, आणि ‘नसलं तरी चालेल, परंतु’. प्रत्येकाला वेगळं चिन्ह. अटींच्या पोटात अटी, सात पायऱ्यांपर्यंत. समजावून सांगायला मी एकशे चाळीस पानांचं पुस्तक केलं आणि गुलमंडीतल्या एका बाइंडरकडून त्याला रेक्झिनची बांधणी करून घेतली, वर सोनेरी अक्षरं. त्या चाचांनी पानं चाळली, चिन्हं पाहिली, चष्मा वर केला आणि अदबीनं विचारलं, “कौनसे मजहब की है, साब?”

मी हे तुला येऊन कौतुकानं सांगितलं. तू नवीन लागला होतास. तुझ्या गावाहून, बिडकीनहून, मोटरसायकलवर यायचास, रुमाल सोडायच्या आधी कॉम्प्युटर सुरू करायचास. तू शांतपणे म्हणालास, “चाचा बरोबर बोलले. आपल्याकडं पोथी उघडायची नसती, पूजा करायची असती.”

मला वाटलं, स्तुती केलीस.

दोन वर्षं सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं. आधी यथार्थ, मग प्रोग्रॅम, आणि दोन्ही तंतोतंत जुळायचे. मी पाहुण्यांना दाखवायचो. एका अक्षराचा फरक नाही! मग एके दिवशी, मीच सही करून मंजूर केलेला एक कागद कुणीतरी माझ्यासमोर ठेवला. त्यात सात पायऱ्या उतरून, असलंच-पाहिजेच्या चिन्हासह, अत्यंत निःसंदिग्धपणे लिहिलं होतं की फेब्रुवारीत तीस दिवस असतात.

मी ओरडलो. सगळे तुझ्याकडं बघायला लागले. आणि तू खुर्ची ओढून माझ्यासमोर बसलास.

“देवा, राग नका धरू. आमी आधी प्रोग्रॅम लिहितो. चालला की मग त्याची पोथी करतो. ती मीच करतो सगळ्यांची, हात बसलाय माझा. प्रोग्रॅममधी तीस होते, म्हणून पोथीत तीस आले.”

“म्हणजे दोन वर्षं तुम्ही उलटं करताय?”

“सुलट केलं असतं तर पयलंच काम अजून चालू असतं.”

घर आधी बांधायचं आणि नकाशा मागून काढायचा, आणि मी नकाशा घराशी किती छान जुळतो म्हणून मिरवत होतो. ही गोष्ट मी पुढं हजार वेळा सांगितली, तिच्यावर माझ्या जेवणावळी निघाल्या. पण त्या दिवशी मी तुझ्याशी आठवडाभर बोललो नाही. शेवटी तूच तह केलास. म्हणालास, “बरं, पुढचं काम तुझ्या पद्धतीनं. तू आधी लिही. मी शब्दाला शब्द तसंच करतो.” त्या तहात तू मला ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आणलंस, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पुढचं काम म्हणजे टँकरचं.

ते साल तुला सांगायला नको. पैठण रोडला दुतर्फा टँकरच टँकर. ज्या जमिनीवर उद्या कारखाने येणार म्हणून पाट्या लागल्या होत्या, तिथं आज प्यायला पाणी नव्हतं. एका सरकारी कार्यालयाला हवं होतं की कोणत्या गावाला किती खेपा जातील ते कॉम्प्युटरनं ठरवावं. नियम मी लिहिला. आदर्श नमुना म्हणून, तीन पानं, सगळी चिन्हं वापरून. इतका सुंदर नियम मी आयुष्यात लिहिला नव्हता. तू दोनदा वाचलास, मान हलवलीस. “कळलं नाय, पण लिहिलंय तसं करतो.” आणि केलंस. त्या एकदाच आपण सुलट काम केलं.

पहिल्या आठवड्यात एका सरपंचबाईंचा फोन आला. मीच उचलला.

“तुमचा टँकर एकाड एक दिवस का येतुय?”

“तपासतो, ताई.”

“तपासा. तवर आमी एकाड एक दिवस तहान लागू देतो.”

मग दुसऱ्या गावाचा, मग तिसऱ्याचा. कार्यालयातला माणूस पडद्याकडं बघून म्हणायचा, विहिरीत पाणी आहे, म्हणून आज खेप नाही. आणि कार्यालयानं आपल्याला बोलावलं.

गोष्ट साधी होती. माझ्या तीन पानांचा अर्थ एवढाच होता: ज्या गावच्या विहिरीत पाणी आहे, त्या गावाला टँकर नको. शहाण्यासारखा नियम. पण आपल्याकडं टँकर येतो तो घरोघरी थोडाच जातो? तो गावच्या विहिरीत रिकामा करतात आणि बाया तिथून शेंदून नेतात. टँकर आला, विहिरीत ओतला. संध्याकाळी ग्रामसेवकानं कळवलं, पाणी आहे. नियम म्हणाला, मग उद्याची खेप रद्द. परवा विहीर कोरडी, टँकर पुन्हा हजर. टँकरचं पाणीच टँकरला अडवत होतं. पुंडलिकनगरात बसून विहीर म्हणजे झरा असलेली वस्तू, एवढंच मला माहीत होतं.

मोठ्या साहेबांनी टेबलावर आपल्या कामाच्या कागदांचा गठ्ठा आपटला. “हा नियम कोणाचा?”

माझ्या तोंडात बिस्किट होतं. अंगद, इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की बिस्किट होतं म्हणून बोलता आलं नाही. बिस्किट गिळायला किती वेळ लागतो? तेवढ्यात तू म्हणालास, “माझा, साहेब. आत्ता बसून नीट करतो. दुपारी गाड्या सुटतील.”

आणि सुटल्या. तिथंच बसून, साहेबांच्या शिव्या ऐकत तू नियम बदललास. साहेबांनी वर पत्र लिहून कळवलं की या इसमाला पुन्हा या कामावर ठेवू नये. दोन वर्षं तुला त्या कार्यालयाची पायरी चढता आली नाही. ज्या कामाची तुला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहिती होती, ते काम दुसरे चुकतमाकत करत राहिले.

परत येताना मोटरसायकलवर मी तुझ्या मागं बसलो होतो. कानाशी ओरडून विचारलं, “असं का बोललास?”

तू मान वळवलीस. “तुला बोलू दिलं असतं तर तू पहिल्या पानापासून समजवाय लागला असतास. साहेब रिटायर झाला असता. तिकडं बाया घागरी घिऊन उभ्या.”

एवढंच. त्याच्यापुढं तू कधी विषय काढला नाहीस, आणि मीही नाही. मी ‘थँक्यू’ म्हणालो की नाही, तेसुद्धा आठवत नाही. गाडीच्या आवाजात म्हणालो असेन, अशी माझी समजूत आहे. सोयीची.

त्या रविवारी तू मला बिडकीनला घेऊन गेलास. तुझी आई ओसरीवर गहू निवडत होती. तू म्हणालास, “आईला तुझा नियम सांग. चिन्हं नको, मराठीत सांग.”

मी सांगितलं. विहिरीत पाणी असलं तर टँकर नको.

त्यांनी सुपातून मान वर केली नाही. “आन् त्यात टँकरनंच वतलेलं असलं तर?”

चार सेकंद. तीन पानं, दोन शहाणे, एक अख्खं कार्यालय. आणि चार सेकंद. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी गव्हातले खडे वेचायला बसलो. खडे समजून गहू टाकत होतो, तेही त्यांनीच सांगितलं.

यथार्थची काटछाट तिथं सुरू झाली. त्या उन्हाळ्यात आपण भांडलो तसे सख्खे भाऊ बांधावरून भांडत नाहीत. तू एकेक चिन्ह घेऊन यायचास, “याच्यावाचून कोण मरतंय?” विचारायचास, आणि मी मरायचो. चार ‘पाहिजे’पैकी एक ठेवलंस. ‘असलेलं बरं’साठी मी तीन दिवस लढलो. तू म्हणालास, “जे असलेलं बरं, ते आमी कुणीच करत नाय. नसलेलंच बरं.” सात पायऱ्यांची एक झाली. शेवटी एकशे चाळीस पानांचा एक कागद उरला, पाठपोट. जेव्हा, तर, नाहीतर, कोणी, एवढेच शब्द. प्रत्येक नियमाखाली एक खरंखुरं उदाहरण. आणि शेवटची अट: प्रोग्रॅम न लिहिणाऱ्या एका माणसाला नियम मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि त्याचा प्रश्न लिहून घ्यायचा.

ऑफिसातली पोरं आधी कागद भरायला लागली. मग प्रोग्रॅम. कुणी सांगितलं नव्हतं. खालच्या गिरणीवाल्याला तर आपले इतके नियम वाचून दाखवले गेले की तो कामगारांना सांगायचा, मला हापिसातून रोज विचारायला येतात.

एक भांडण तेवढं राहिलं. ‘पण’चं. तू नियमात ‘पण’ येऊ द्यायचा नाहीस. “पण आला की खोड, दुसरा नियम लिही.” माझं म्हणणं, आयुष्य ‘पण’वाचून चालत नाही. अजूनही मला वाटतं, तिथं तू चुकत होतास. परवा सोमवारी एका नियमात मी मुद्दाम ‘पण’ लिहिला आणि थांबलो. समोरून कुणी काही म्हणालं नाही. ऑफिस भरलेलं होतं, प्रत्येकजण आपल्या कामात. मग मीच खोडला. जिंकायला आलो होतो आणि समोरच्या बाजूला कुणी नाही, असं मैदान मला आवडलं नाही.

नवी पोरं आली की तू पहिल्या दिवशी त्यांना ‘माझी विहीर’ सांगायचास. मी कसा मूर्ख, मला कसं कळलं नाही, साहेबांनी कशा शिव्या दिल्या. बिडकीनचा माणूस असून विहीर कळली नाही म्हणून स्वतःलाच चार शिव्या जास्तीच्या. पोरं हसायची आणि घाबरणं सोडायची. मग तू माझ्याकडं बोट करायचास, “आता देवा फेब्रुवारी सांगतील.” आणि मी सांगायचो. दोन चुका सांगणारे दोन म्हातारे. फक्त त्यातला एक चोर होता.

म्हणून अकराव्या दिवशी जे झालं ते सांगतो.

तुझ्या घरी सगळे बसले होते. तुझे मामा आलेल्या लोकांना कौतुकानं विहिरीची गोष्ट सांगत होते: एवढी मोठी चूक, पण गड्यानं साहेबापुढं ताठ मानेनं कबूल केली. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, “मामा, ती चूक माझी होती. अंगदची नव्हती.”

वाटलं होतं, घरात शांतता पसरेल. कसली शांतता! कुणी विश्वासच ठेवला नाही. मामा म्हणाले, “तुमचा सोभावच तसा. कुणाची बी चूक आपल्या अंगावर घेता.” सुनीता वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. “भाऊजी, तुमचं मन मोठं. गेलेल्या माणसासाठी इतकं कोण करतं?”

आली का पंचाईत? आयुष्यभर चुका सांगून जी पत कमावली, ती नेमकी इथं आडवी आली. चोरानं मुद्देमाल परत आणला तर लोक त्याला दाता म्हणून हार घालायला निघाले. मी जितकं म्हणावं ‘खरंच माझी’, तितका माझा मोठेपणा वाढत चालला. आणखी अर्धा तास बसलो असतो तर गावात माझा सत्कार ठेवला असता.

सगळ्यात अवघड तुझी गौरी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आता, तुझ्यासारखीच खुर्ची ओढून समोर बसते. म्हणाली, “काका, बाबांची चूक होती, असू द्या. मला ती गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. माझ्यापासून काढून घेऊ नका.”

मी घरी आलो. खरं सांगतो, गप्प बसावं असं क्षणभर वाटलं. पोरीला आवडते, तुझी हरकत नव्हती, माझी सोय होती. इतका सोपा सौदा मला कोण देणार? पण मग ती नोकरीला लागेल, पहिल्या दिवशी नव्या लोकांना सांगेल, माझे वडील कसे चुकले होते. आणि त्यांनी चूक केलीच नव्हती. हे काही मला गिळता येईना.

कपाट उपसलं. रेक्झिनच्या पोथीच्या मागं टँकरच्या कामाचा जुना गठ्ठा सापडला. यथार्थमध्ये मी एक सक्ती केली होती: प्रत्येक नियमाच्या तळाशी लिहिणाऱ्याचं नाव. त्या तीन पानांखाली माझं नाव होतं, आडनावासकट. त्या दिवशी हेच कागद साहेबांच्या टेबलावर होते, अंगद. कुणी तळापर्यंत वाचलं नाही, कारण ते वाचणं कुणाला झेपतच नव्हतं. माझ्या भाषेचा तेवढा एकच उपयोग झाला, मला लपवायचा. काटछाटीत तू ती नावाची ओळ काढायची म्हणालास तेव्हा मी लगेच ‘हो’ म्हटलं होतं. तू बराच वेळ माझ्याकडं बघत राहिलास. “एवढ्या लौकर तू कधी ऐकत नाहीस.” ते बघणं मला आत्ता समजतंय.

आज सकाळी कागद घेऊन तुझ्या घरी गेलो. गौरी अंगणात होती. मी ते तिच्या हातात दिले. तिनं पहिलं पान वाचलं, उलटं धरून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

“काका, हे काय आहे?”

“नियम आहे. वाच. शेवटपर्यंत.”

वाचली पोरगी. उन्हात उभी राहून, बोट ठेवून. तळाशी आली आणि बोट थांबलं.

“तुमचं नाव आहे.”

“हो.”

“म्हणजे बाबांनी फक्त...”

“लिहिलं होतं तसं केलं. चुकलो मी. नाव त्यांनी स्वतःचं सांगितलं.”

तिचा चेहरा बदलला. मला आधी कळेना की ती रडणार आहे की चिडणार. चिडली. बरं झालं.

“मग तुम्ही तेव्हा का नाही बोललात?”

मी सुरुवात केली. म्हणालो, त्याचं असं आहे बेटा, त्या काळात एकंदर परिस्थिती अशी होती, एक तर कार्यालयाचं वातावरण, शिवाय ऑफिस नवीन, आणि साहेबांचा प्रश्नच मुळात...

तिनं हात वर केला. “काका. एका वाक्यात.”

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी असा विचारला नव्हता. मीही स्वतःला नाही. उत्तर शोधावं लागलं नाही, तिथंच होतं.

“घाबरलो होतो.”

तिनं मान हलवली, तू हलवायचास तशी, कळलं अशा अर्थानं. माफ केलं, असं काही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. ती कागद घेऊन आत गेली आणि आतून तिचा आवाज आला, “आई, मामाआजोबा, इकडं या. गोष्ट वेगळीच आहे.”

मी पायरीवर बसून ऐकली. तिनं पहिल्यापासून सांगितली. चांगली सांगते रे, तुझ्यापेक्षा चांगली. तू ताठ मानेनं उभा राहिलास, ते तिनं दोनदा सांगितलं. माझ्यापाशी आली तेव्हा मात्र तिनं मला टेबलाखाली घातलं. म्हणे, साहेबांनी विचारताच काका खाली वाकले आणि चपलेचा बंद शोधत बसले. वहिनी हसल्या. मामा हसले. बारा दिवसांत त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं, आणि ते मला हसले.

मी त्या दिवशी बूट घातले होते. टेबलाखाली वाकलोही नव्हतो. पण दुरुस्ती केली नाही. चूक माझी आहे. ती कशी सांगायची, ते आता तुझ्या लेकीनं ठरवावं.